४,३९३ माणसांचे शहर: माथेरानच्या हातरिक्षेचा निर्णय कुणी घेतला?

२०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ भरली. २००१ मध्ये ती ५,१३९ होती. दहा वर्षांत साडेसातशेच्या आसपास माणसे कमी झाली, आणि त्याच दहा वर्षांत रायगड जिल्हा बावीस लाखांवरून सव्वीस लाखांच्या पुढे गेला. एवढ्याशा वस्तीला महाराष्ट्रात एरवी ग्रामपंचायत असते. माथेरानला नगर परिषद आहे. नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी, समित्या, वार्षिक अंदाजपत्रक, सगळा सरंजाम आहे.

या गावच्या रस्त्यावर माणसाने ओढायची रिक्षा चालावी की बॅटरीची, हा प्रश्न मात्र नगर परिषदेच्या सभेत सुटला नाही. तो दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ पासून पुढची तीन वर्षे तिथेच राहिला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला: हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आणा, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये. वर्तमानपत्रांत हा निकाल माणसाच्या प्रतिष्ठेचा म्हणून गाजला. तो तसा आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या तीन वर्षांत माथेरानला निवडून आलेले सभागृहच नव्हते, ही गोष्ट बातम्यांत कुठे ठळक झाली नाही. सभागृह असते तरी त्याच्या हातात किती होते, हा त्यापुढचा प्रश्न. मला या प्रकरणात रस आहे तो तेवढ्यासाठी.

कायद्याच्या मापात न बसणारे गाव

महाराष्ट्रातल्या नगर परिषदांचा कायदा १९६५ चा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर त्यात बदल झाले आणि नागरी संस्थांसाठी लोकसंख्येच्या पायऱ्या ठरल्या. नगरपंचायत व्हायला किमान १० हजार वस्ती हवी आणि शेतीबाहेरच्या कामांतला रोजगार किमान २५ टक्के हवा. नगर परिषदेला २५ हजार वस्ती आणि ३५ टक्के रोजगार. शेतीबाहेरच्या रोजगाराची अट माथेरान डोळे मिटून पार करेल, कारण डोंगरमाथ्यावर शेती करणार कोण? वस्तीच्या अटीत मात्र ते नगरपंचायतीच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. थंड हवेच्या ठिकाणांसाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे, म्हणून ‘गिरिस्थान नगर परिषद’ असा फलक तिथे लागतो. पन्हाळा, पाचगणी, महाबळेश्वर ही याच गोतावळ्यातली.

डोंगराच्या पायथ्याशी नेरळ आहे. रेल्वे स्थानक, बाजारपेठ, बदलापूर-कर्जतच्या बाजूने सरकत आलेल्या इमारती, माथेरानच्या काही पट वस्ती. तिथे ग्रामपंचायत. म्हणजे खालचे शहर कागदावर गाव आणि वरचे गाव कागदावर शहर. मधल्या उतारावर जुम्मापट्टी, हाशाची पट्टी, आसलवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. त्या नगर परिषदेच्या हद्दीबाहेर पडतात, पण तिथली माणसे रोज पायवाटेने वर येऊन माथेरानात कामे करतात, माल विकतात. संध्याकाळी ती खाली उतरतात. मतदार म्हणून ती वरची नाहीत, राबणारी म्हणून आहेत.

आता प्रतिनिधित्वाचा हिशेब पाहू. २०१६ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत ‘क’ वर्ग नगर परिषदेला किमान १७ नगरसेवक, हा नियम होता. ४,३९३ माणसांना १७ नगरसेवक म्हणजे दर २५८ माणसांमागे एक. मुंबईत २०११ च्या लोकसंख्येने हेच प्रमाण ५५ हजारांना एक असे पडते. लोकशाही जवळची असावी असे म्हणणाऱ्यांना याहून जवळची सापडणार नाही. नगरसेवकाला वॉर्डातली सगळी घरे ठाऊक असतात, आणि तो कुणाच्या लग्नाला गेला, कुणाच्या नाही, हे सगळ्या घरांना ठाऊक असते.

पण या २५८ मध्ये पर्यटक नाही. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून येणारी गर्दी गावच्या वस्तीला सहज मागे टाकते. तिला पाणी लागते, शौचालय लागते, तिचा कचरा उचलावा लागतो. शार्लोट तलाव आहे, पण त्याच्यावर भागत नाही. नेरळजवळ उल्हास नदीचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवावे लागते आणि ते काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. वित्त आयोगाच्या अनुदानाचे वाटप होते तेव्हा लोकसंख्येला मोठे वजन असते, आणि जनगणना माणसाला त्याच्या राहत्या घरी मोजते, तो सुट्टीला जिथे असेल तिथे नव्हे. नगर परिषदेचा आकार ठरतो रहिवाशांवरून आणि तिच्यावरचा भार ठरतो पाहुण्यांवरून. हा भार थोडा तरी हलका करणारी गोष्ट म्हणजे गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावर वसूल होणारा प्रवासी कर.

दस्तुरीच्या पुढे चाक नाही

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि तिथून माथेरानचा थंड हवेचे ठिकाण म्हणून इतिहास सुरू होतो. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली दोन फुटी रुळांची नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये धावली. मोटार मात्र वर कधी आलीच नाही. आधी सवय म्हणून, मग नियम म्हणून. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, आणि नगर परिषदेच्या हद्दीत वाहनबंदीला केंद्राच्या अधिसूचनेचे बळ आले. अपवाद रुग्णवाहिकेचा आणि अग्निशमन बंबाचा.

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. जवळच्या अमन लॉज स्थानकातून शटल गाडी मिळाली तर ठीक. ही गाडीही बेभरवशाची: २००५ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीने मार्ग उखडला, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर वाहतूक थांबली, २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला आणि नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ई-रिक्षा येण्याआधी गाडी नसेल तर घोडा, हातरिक्षा किंवा पाय.

हातरिक्षा ज्यांनी लांबून फोटोतच पाहिली असेल त्यांच्यासाठी: दोन चाकांवर एक आसन, पुढे दोन दांडे. एक जण दांड्यांमध्ये उभा राहून ओढतो. वाट चढाची आणि तांबड्या मातीची, त्यामुळे एकट्याने जमत नाही. मागून एक, बऱ्याचदा दोन माणसे रेटतात. उतारावर कसरत उलटी: पुढचा माणूस अंग मागे टाकून गाडी आवरतो आणि मागचे दोघे तिला धरून ठेवतात. पावसाळ्यात चिखलात पाय रुतत असताना हेच. आत बसलेला माणूस बहुधा वयस्कर असतो, किंवा आजारी, किंवा नुसताच दमलेला. ई-रिक्षेआधी गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायलाही रुग्णवाहिकेशिवाय हेच साधन होते.

अशा ९४ रिक्षांचे परवाने होते. घोडे साडेचारशेच्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढचे सगळे राजकारण त्यांच्याभोवती फिरते.

मे २०२२ पासून पुढे

हातरिक्षा ओढणाऱ्यांचीच मागणी होती की आम्हाला यातून सोडवा, ई-रिक्षा चालवू द्या. हे नीट नोंदवायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की न्यायालयाने वरून काहीतरी लादले. अडचण अधिसूचनेची होती. ई-रिक्षा धूर सोडत नसली तरी वाहनच, आणि हद्दीत वाहनाला बंदी. नगर परिषदेने ठराव केला तरी केंद्राच्या अधिसूचनेपुढे तो कागदाचा तुकडा. म्हणून विषय गोदावर्मन प्रकरणात गेला. जंगलांविषयीचे हे मूळ प्रकरण १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयात चालू आहे आणि देशभरातले असले अर्ज त्याच्याच पोटात जातात.

मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षा धावल्या. शाळेत जाणाऱ्या मुलांना त्यांचा सर्वांत जास्त उपयोग झाला असे माझे मत आहे. पर्यटकाला घोड्यावर बसणे ही गंमत असते. रोज दप्तर घेऊन चढ-उतार चालणाऱ्या मुलाला त्यात गंमत नसते. मार्च २०२३ मध्ये प्रयोगाची मुदत संपली आणि रिक्षा थांबल्या. मुले पुन्हा पायी.

मग विरोधी अर्ज आले. अश्वपालांचे म्हणणे असे की ई-रिक्षा आल्या तर घोड्यावर कोण बसेल? आणि घोडा काही शेडमध्ये लावून ठेवता येत नाही, त्याला धंदा नसला तरी रोज चारा लागतो. हा विरोध केवळ आडमुठेपणाचा होता असे मला वाटत नाही. साडेचारशे घोड्यांमागे तितकी कुटुंबे नसतील, पण मालक, मोतद्दार, चारा विकणारा, नाल ठोकणारा अशी साखळी आहे. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप वेगळा: आज ई-रिक्षा, उद्या मोटार. हाही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माथेरानचे सगळे उत्पन्न ‘इथे गाडी येत नाही’ या एका गोष्टीवर उभे आहे. ती गेली की ते लोणावळ्याचे एक गैरसोयीचे उपनगर होईल.

२०२४ मध्ये न्यायालयाने मधला मार्ग काढला: ई-रिक्षा २० पर्यंतच, आणि त्या फक्त हातरिक्षावाल्यांनाच, म्हणजे ज्यांची रोजी जाणार त्यांनाच. वरवर पाहता चोख. पण २० रिक्षा आणि ९४ परवाने. इथून खरी भांडणे सुरू झाली.

खरा रिक्षावाला कोण

परवाना एकाच्या नावावर असतो. ओढायला दोन-तीन माणसे लागतात. मग रोजी गेली ती कुणाची? ज्याच्या नावावर कागद आहे त्याची, की दांड्यांमध्ये उभे राहणाऱ्याची? परवाना बापाच्या नावावर आणि ओढतो मुलगा, परवाना एकाचा आणि ओढणारे रोजंदारीवर खालून आलेले, अशा सगळ्या शक्यता परवाना नावाच्या कागदात दडलेल्या असतात. वाटपात भलत्यांनाच रिक्षा मिळाल्या अशा तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या.

छोट्या गावात हे काम सोपे वाटते. सगळे सगळ्यांना ओळखतात, कोण ओढतो हे लहान पोरही सांगेल. पण ओळखणे आणि लेखी लिहून देणे यांत फरक आहे. यादी करणाऱ्याला उद्या त्याच बाजारात दूध आणायला जायचे असते. म्हणूनच असेल, २०२५ च्या निकालात ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीवर टाकली गेली: खरे रिक्षाचालक शोधा, प्रत्यक्ष परिस्थिती पाहून किती ई-रिक्षा लागतील ते ठरवा, आणि त्यांना देऊन उरलेल्या आदिवासी स्त्रियांना व इतर गरजूंना द्या. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात ई-रिक्षांची जी भाडेतत्त्वाची व्यवस्था आहे तिचा नमुना न्यायालयाने पुढे ठेवला. १९८० मध्ये पंजाबातल्या रिक्षावाल्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने सायकलरिक्षा ओढणाऱ्याला मालक कसे करता येईल याची वाट दाखवली होती. पंचेचाळीस वर्षांनंतरही माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालू आहे, याकडे निकालात बोट दाखवले आहे.

आदिवासी स्त्रियांचा उल्लेख मला या निकालातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग वाटतो. वाड्या हद्दीबाहेर आहेत हे वर आलेच. नगर परिषदेने स्वतःहून यादी केली असती तर तिच्यात या स्त्रिया आल्या असत्या का? मला शंका आहे. त्यांचे मत या सभागृहासाठी नसतेच.

रस्ता कशाचा, हाही प्रश्न

ई-रिक्षेबरोबर पेव्हर ब्लॉकचा वाद जोडून आला, आणि खरे तर तो वेगळा करता येतच नाही. तांबडी माती पावसात वाहते. दरवर्षी वाटा खरवडल्या जातात, दगड उघडे पडतात. त्या मातीवर ई-रिक्षा चढत नाही, म्हणून ब्लॉक हवेत. ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो, म्हणून अश्वपालांना ते नकोत. ब्लॉकखाली काँक्रीट ओतले तर पाणी जमिनीत मुरणार नाही, म्हणून पर्यावरणवाद्यांना तेही नको. वाटेवर काय अंथरले जाते यावर त्या वाटेने पोट कुणाचे भरणार हे ठरते. कुठल्याही गावात रस्त्याचे काम म्हणजे फक्त ठेकेदाराचा विषय समजला जातो. इथे तो जातीच्या पंगतीइतका नाजूक निघाला.

निकालात यावरही रेघ ओढली गेली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, पण खाली काँक्रीटचा थर नको. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर ब्लॉक नकोत, घातले असतील तर काढा.

आता घटनेचे बारावे परिशिष्ट उघडून पाहा. नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिथे दिले आहेत आणि त्यांत ‘रस्ते व पूल’ आहे. माथेरानात रस्ता आहे नगर परिषदेच्या हद्दीत, भोवताली जमीन वन खात्याची, बंगल्यांच्या भूखंडांचा कारभार महसूल खात्याकडे, अधिसूचना केंद्राची, तिच्या अंमलावर लक्ष ठेवायला सनियंत्रण समिती, रूळ मध्य रेल्वेचे, पाणी प्राधिकरणाचे. ब्लॉक कुठपर्यंत घालायचे हे सांगितले सर्वोच्च न्यायालयाने. यातल्या प्रत्येकाला तिथे असण्याचे सबळ कारण आहे. पण सगळ्यांची बेरीज केली की नगर परिषदेच्या वाट्याला कचरा, दिवे, प्रवासी कराची पावती आणि लोकांच्या शिव्या एवढेच उरते.

सभागृह नव्हते म्हणून काय बिघडले?

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगर परिषदांची मुदत २०२२ च्या तोंडावर संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला, प्रभागरचनेचे कायदे बदलले, आणि राज्यभर प्रशासक आले. घटनेच्या कलम २४३-यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, आणि नगर परिषदांचे मतदान लागले डिसेंबर २०२५ मध्ये. ई-रिक्षेची पहिली परवानगी मे २०२२ ची, शेवटचा निकाल ऑगस्ट २०२५ चा. दोन्ही टोके प्रशासकाच्या काळातच पडतात. दर २५८ माणसांमागे एक नगरसेवक असलेल्या गावात या काळात एकही नव्हता.

असता तर काय झाले असते? प्रामाणिकपणे पाहिले तर कदाचित काहीच नाही. ९४ परवान्यांमागे घरटी साडेचार माणसे धरली आणि सगळे वरच राहतात असे मानले, तर चारशेहून अधिक, म्हणजे गावाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. घोडेवाल्यांची घरे त्याहून कमी नसावीत. लॉजवाले, दुकानदार, चिक्की-चप्पलवाले वेगळे. नगरसेवकामागे वस्ती अडीचशेच्या आसपास, म्हणजे मतदार दोनशेच्या आसपास, आणि दहा-पंधरा मतांनी निकाल फिरतो. अशा वॉर्डातला नगरसेवक ई-रिक्षेच्या बाजूने हात वर करून पुढची निवडणूक घोडेवाल्यांच्या गल्लीत कशी लढेल? मोठ्या शहरात हितसंबंध एकमेकांपासून लांब राहतात, त्यामुळे नगरसेवकाला एकाची बाजू घेणे परवडते. इथे ते एकाच ओसरीवर बसलेले असतात. एवढी जवळची लोकशाही कठीण निर्णय वर ढकलते, हा माझा या प्रकरणातून निघालेला निष्कर्ष आहे. आणि वर ढकललेला निर्णय न्यायालयाच्या भाषेत परत येतो, गावच्या भाषेत नाही.

तरीही सभागृह नसल्याचे नुकसान झालेच, पण वेगळ्या जागी. निर्णय कोणता व्हावा याच्यापेक्षा तो गावात मुरावा कसा, यासाठी सभागृह लागते. घोडेवाल्यांना भरपाई नाही, पण कुठले मार्ग राखून ठेवता येतील? दस्तुरीवर घोडा, ई-रिक्षा, शटल यांच्या दरांचा एकच फलक कुणी लावायचा? हमालांचा नंबर कसा लागायचा? या गोष्टी न्यायालय सांगत नाही, सांगूही नये. त्या ठरावाने आणि चार बैठकांमधल्या आरडाओरड्याने ठरतात. प्रशासक हा बदलीचा अधिकारी. तो आरडाओरडा ऐकून घेतो, पण त्याला तो पुढच्या निवडणुकीत भोगावा लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये याचा नमुना दिसला. दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन, गाडी नाही, वाट लांब आहे असे सांगून जास्त पैसे उकळले जातात, अशी तक्रार घेऊन व्यावसायिक आणि रहिवाशांनी १८ मार्चपासून बेमुदत बंद पुकारला. हॉटेल, दुकाने, सगळे बंद. ज्या गावाची रोजी पर्यटकावर चालते त्याने पर्यटकाच्या बाजूने स्वतःचेच दार लावून घेतले. प्रशासनाबरोबर बैठक झाली, आश्वासने मिळाली आणि बंद लगेच मागे घेतला गेला. जो प्रश्न साध्या सभेत सुटायचा, त्याला गाव बंद ठेवावे लागले. विचारायला नगरसेवक नव्हता, म्हणून लोकांनी थेट शटर ओढले.

नव्या सभागृहापुढे

हातरिक्षा हवी की नको याची चर्चा आता संपली आहे, आणि ती तशी संपली याचे मला समाधान आहे. एखाद्या माणसाच्या पाठीवर बसून डोंगर चढणे हे पर्यटन म्हणून मिरवायची गोष्ट कधीच नव्हती. नव्या नगरसेवकांच्या हाती जे उरते ते कमी प्रसिद्धीचे पण त्यांच्या आवाक्यातले आहे.

पहिले म्हणजे यादी. खरे चालक कोण हे ठरवायचे समितीने. पण ती यादी नगर परिषदेच्या फलकावर लावायची, हरकती लेखी घ्यायच्या आणि सभेत वाचून दाखवायच्या, हे सभागृह करू शकते. वशिल्याच्या वाटपाला एवढा एक फलक बराच आवर घालतो. परवानाधारक आणि ओढणारा असे दोन रकाने त्यात वेगळे असले तर अर्धी भांडणे तिथेच दिसू लागतील.

दुसरे, प्रवासी कराच्या पावत्या. माथेरानात किती माणसे येतात याचा अंदाज सगळे सांगतात, पण मोजणी एकाच खात्याकडे आहे, आणि ते नगर परिषदेचे स्वतःचे. नाक्यावर फाटणारी प्रत्येक पावती हा एक माणूस आहे. महिन्यामागून महिना हे आकडे जाहीर केले, त्यांच्या शेजारी पाण्याचा आणि कचऱ्याचा खर्च मांडला, तर राज्य वित्त आयोगापुढे किंवा पर्यटन खात्यापुढे ४,३९३ च्या ऐवजी वेगळ्या आकड्याने भांडता येईल. ‘आम्ही छोटे आहोत, मदत करा’ या विनवणीपेक्षा ‘आम्ही गेल्या मे महिन्यात इतक्या माणसांची सोय केली’ हे वाक्य मंत्रालयात जास्त ऐकले जाते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर अनुदान, आरक्षण, प्रभाग सगळे २०११ च्याच आकड्यावर चालणार. नवा आकडा येईल तेव्हाही त्यात माथेरानच्या लॉजमध्ये उतरलेला दादरचा माणूस दादरलाच मोजला जाईल. त्याची माथेरानातली नोंद नाक्यावरच्या पावतीबुकातच असेल. ते पावतीबुक सध्या फक्त वसुलीचा ताळा जुळवायला उघडले जाते, आणि ते अंदाजपत्रकाच्या सभेत टेबलावर यावे हा ठराव करायला कुणाचीही परवानगी लागत नाही.